काउंट आले, पण राखण अजून यायची होती : नाळरक्त प्रत्यारोपणानंतर कोल्हापुरात परतलेल्या एका मुलीचं प्रकरण

दिवस +७४ (प्रत्यारोपणाचा दिवस शून्य धरून), एप्रिलची अखेर. मुलीचा ताप १००.६ फॅरनहाइट, पण खेळणं चालू, दूध पिणं चालू. कोल्हापुरातल्या लॅबचा सकाळचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हातात आहे. हिमोग्लोबिन ९.८, पांढऱ्या पेशी ४,९००, त्यांतल्या न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पेशी) ७८ टक्के, प्लेटलेट ९६,०००. आजीचा प्रश्न रास्तच होता. "रक्त चांगलं आलंय म्हणतासा न्हवं, मग पोरीला अजून किती दिस असं कोंडून घालायचं?"

उत्तर त्याच रिपोर्टच्या खालच्या ओळीत होतं आणि ती ओळ कुणी वाचली नव्हती. लिम्फोसाइट, म्हणजे विषाणू ओळखून राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशी, ९ टक्के. ४,९०० चे ९ टक्के म्हणजे ४४१. या वयाच्या निरोगी मुलात हा आकडा सहसा तीन हजारांच्या वर असतो.

हे प्रकरण कुण्या एका मुलीचं नाही. नाळरक्त प्रत्यारोपण (नवजात बाळाच्या नाळेतल्या रक्ताच्या मूळपेशी चढवणं) करून गावी परतलेल्या मुलांच्या बाबतीत ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात, त्या एका फाइलीत ओवल्या आहेत. रुग्णाचे आकडे नमुन्याचे आहेत. डोस आणि नियम रोजच्या वापरातले आहेत, तरी प्रत्येक केंद्राचा प्रोटोकॉल थोडा वेगळा असतो, त्यामुळे औषधातला कुठलाही बदल आपल्या केंद्राला विचारूनच करायचा.

मूळ आजार, आणि नाळेचंच रक्त का

मुलगी २० महिन्यांची, वजन ११ किलो, घर चिखली-आंबेवाडीच्या बाजूला, करवीर तालुक्यात. निदान हर्लर सिंड्रोम. आल्फा-एल-इड्युरोनिडेज नावाचं विकर शरीरात तयारच होत नाही, त्यामुळे पेशींत कचरा साठत जातो. कमरेच्या वर मणका बाहेर आलेला, यकृत-प्लीहा मोठे, नाक सतत वाहतं. आई-वडील नात्यातले, मामाच्या मुलीशी झालेलं लग्न. बुद्धी शाबूत ठेवायची असेल तर प्रत्यारोपण दोन-अडीच वर्षांच्या आत व्हावं लागतं. हाडांचे प्रश्न त्यानंतरही बऱ्याच अंशी राहतातच, आणि हे घरच्यांना आधीच सांगितलेलं बरं.

थोरल्या भावाचा एचएलए (पेशींवरची ओळखखूण) जुळत होता. पण तो वाहक निघाला, म्हणजे त्याच्या पेशींतलं विकर साधारण निम्मं. वाहक नसलेल्या परक्या दात्याचं नाळरक्त मिळालं तर विकर पूर्ण पातळीवर येतं. या आजारात नाळरक्ताला पसंती मिळते ती यासाठी. शिवाय युनिट गोठवून तयार असतं, दात्याची वाट पाहावी लागत नाही.

"जन्माच्या वेळी हिचीच नाळ साठवली असती तर?" हा प्रश्न बहुतेक आई-बाप विचारतात आणि स्वतःला दोष देत बसतात. तिच्या स्वतःच्या नाळरक्तातही तोच जनुकीय दोष होता. साठवलं असतं तरी या आजारासाठी त्याचा काडीचा उपयोग झाला नसता.

पहिलं नाळरक्त प्रत्यारोपण ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात एलियान ग्लुकमन यांनी केलं. रुग्ण फॅन्कोनी अ‍ॅनिमियाचा मुलगा, नाळ त्याच्या नवजात बहिणीची. तेव्हापासून आजवर युनिट निवडताना पहिला प्रश्न एकच असतो: पेशी पुरतील का? एका नाळेतून मिळणारं रक्त जेमतेम १०० मि.ली., आणि गोठवताना ते आटवून पंचवीसेक मि.ली. केलेलं असतं. रुग्णाच्या वजनाच्या किलोमागे अडीच-तीन कोटी पेशींच्या खाली सहसा जात नाहीत. हर्लरसारख्या, कॅन्सर नसलेल्या आजारांत पाच कोटींच्या वरचं युनिट शोधतात. इथे मिळालेलं युनिट आठपैकी सात जुळणारं, किलोमागे ८ कोटी एकूण केंद्रकयुक्त पेशी आणि ३.१ लाख सीडी३४ पेशी (रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी). मूल लहान असण्याचा हा एक फायदा: तीच पिशवी ६० किलोच्या माणसाला किलोमागे दीड कोटीही भरली नसती.

त्या पिशवीत काय असतं आणि काय नसतं

मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेतून पेशी दिल्या तर त्यांच्याबरोबर दात्याच्या आयुष्यभराच्या आठवणी येतात. त्याला कधी गोवर झाला, सायटोमेगॅलो विषाणू (पुढे सीएमव्ही) होऊन गेला, कांजिण्या झाल्या, ते त्याच्या स्मृती टी-पेशींना (लिम्फोसाइटचा एक प्रकार) ठाऊक असतं. त्यांतल्या काही रुग्णात जाऊन लगेच कामाला लागतात. नाळेतल्या टी-पेशी कोऱ्या असतात. गर्भाशयाबाहेरचं जगच त्यांनी पाहिलेलं नसतं. या कोरेपणामुळेच एचएलए पूर्ण न जुळताही चालून जातं आणि जुनाट जीव्हीएचडी (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा आजार) तुलनेनं कमी होतो. विषाणूंविरुद्ध तयार फौज मिळत नाही, ती याच कोरेपणाची किंमत.

त्यात संख्या कमी. मज्जेच्या मानानं साधारण दहावा हिस्सा टी-पेशी. आणि नवीन टी-पेशी जिथे शिकून तयार व्हायच्या त्या थायमस ग्रंथीला केमोथेरपीचा मार बसलेला असतो. स्टेरॉइड आणि जीव्हीएचडी दोन्ही तिला आणखी वाळवतात.

पेशी परत येण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी न्यूट्रोफिल, नाळरक्तात साधारण तीन-चार आठवड्यांनी. एनके पेशी (लिम्फोसाइटचाच आणखी एक प्रकार) महिन्या-दोन महिन्यांत भरतात आणि सुरुवातीची बरीचशी राखण त्याच करतात. अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी तीन ते सहा महिन्यांत, नाळरक्तानंतर तर भरघोस येतात. पण बी-पेशी दिसल्या म्हणजे अँटिबॉडी आल्या असं नव्हे, त्यांना मदतीला सीडी४ (मदतनीस टी-पेशी) लागतात. आणि सगळ्यांत शेवटी येतात त्या सीडी४. मुलांत सहा महिने ते वर्ष, मोठ्यांत त्याहूनही उशीर.

एटीजीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण पुढच्या शंभर दिवसांचं भवितव्य बरंचसं त्यावर ठरतं. रुग्णाच्या जुन्या टी-पेशींनी नवं रक्त नाकारू नये म्हणून ही अँटिबॉडी देतात. ती आठवडेच्या आठवडे रक्तात रेंगाळते. नाळेच्या पेशी चढवल्यावरही ती शिल्लक असेल तर त्या मूठभर नव्या टी-पेशींनाही मारते. म्हणून नाळरक्ताच्या वेळी एटीजी लवकर संपवतात. इथे ती −९ ते −६ या दिवसांत दिली, मागोमाग केमोथेरपीची औषधं: फ्लुडाराबिन आणि पातळी मोजून बुसल्फान. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या गटानं हे संबंध नीट दाखवून दिले: पेशी चढवल्यानंतरचा एटीजीचा संपर्क जितका कमी, तितक्या सीडी४ लवकर. आणि पहिल्या १०० दिवसांत लागोपाठ दोनदा सीडी४ मायक्रोलिटरमागे ५० च्या वर गेल्या तर मूल वाचण्याची शक्यता ठळकपणे वाढते.

रुग्णालयातले ६२ दिवस

प्रत्यारोपण पुण्याच्या एका केंद्रात, फेब्रुवारीत. +९ ला ताप, अंगभर लाल पुरळ, वजन ६०० ग्रॅमनं वाढलं, कल्चर निगेटिव्ह. पेशी रुजण्याआधीची ही वादळी प्रतिक्रिया नाळरक्तात नेहमीची. किलोमागे १ मि.ग्रॅ. मिथाइलप्रेडनिसोलोन पाच दिवस, मग बंद. +२१ ला न्यूट्रोफिल सलग तिसऱ्या दिवशी ५०० च्या वर. प्लेटलेट बाहेरून न देता २०,००० च्या वर टिकायला +४१ उजाडला. +३० ची कायमेरिझम चाचणी: ९५ टक्क्यांहून जास्त पेशी दात्याच्या. विकराची पातळी सामान्य.

याच काळात एचएचव्ही-६ वर डोळा ठेवावा लागतो. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात मूल अचानक गोंधळलेलं दिसलं, ओळखीच्या गोष्टी विसरू लागलं, झटका आला, तर तो विषाणू मेंदूपर्यंत गेला असू शकतो. इतर प्रत्यारोपणांपेक्षा नाळरक्तात हे जास्त घडतं. इथे घडलं नाही.

+७४ : ताप लहान, आकडा मोठा

मध्यवर्ती लाइन (मोठ्या शिरेत बसवून ठेवलेली नळी) असलेल्या मुलाला १००.४ ताप तासभर टिकला किंवा एकदा १०१ च्या वर गेला, की पहिलं काम लाइनच्या दोन्ही लुमेनमधून (आतल्या मार्गांमधून) कल्चर आणि तासाभरात शिरेतून पहिलं अँटिबायोटिक. हे कोल्हापुरातच व्हायला हवं. पुणे २३० किलोमीटर, गाडीनं साडेचार-पाच तास. "आधी पुण्याला विचारू, मग बघू" यात तो तास हातचा जातो. न्यूट्रोफिल ३,८०० असले तरी नियम तोच, कारण लाइनमध्ये जंतू असेल तर तो काउंट विचारत नाही. डिस्चार्जच्या वेळी केंद्रानं दिलेल्या पत्रात पहिल्या डोसचं नाव आणि मात्रा लिहिलेली होती, म्हणून इथल्या ड्युटी डॉक्टरांना थांबावं लागलं नाही. ते पत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात मुलीच्या पिशवीत असायचं. कपाटातल्या फाइलीत ठेवलं असतं तर रात्री अकरा वाजता कुणाला सापडलं असतं?

कल्चर ४८ तासांत निगेटिव्ह आले. उत्तर दिलं ते सीएमव्ही पीसीआरनं. +६० ला विषाणू सापडला नव्हता, +६७ ला ३१० आययू, +७४ ला २,९००. केंद्राची उपचार सुरू करण्याची रेषा १,००० ची. आपल्याकडे बहुतेक मुलांना हा विषाणू तान्हेपणीच गाठतो आणि कायमचा अंगात दडून बसतो. विषाणू मुलीचाच, जुना. आणि त्याला ओळखणारी एकही पेशी नव्या रक्तात नव्हती.

त्यावरचं औषध गॅन्सिक्लोव्हिर, किलोमागे ५ मि.ग्रॅ., म्हणजे ५५ मि.ग्रॅ., दर १२ तासांनी, ५० मि.ली. सलाइनमध्ये तासभर. हातमोजे घालून हाताळायचं, गरोदर नर्सनं किंवा नातेवाइकानं हात लावायचा नाही. दिवसाआड सीबीसी आणि क्रिएटिनिन.

पहिल्या आठवड्यानंतर आकडा ४,१०० वर गेला आणि घरात रडारड झाली. पहिल्या आठवड्यात असं चढणं नेहमीचं. दोन पूर्ण आठवडे योग्य डोस देऊनही चढत राहिला तरच औषधाला न जुमानण्याचा संशय घ्यायचा. +८८ ला १,२००, +९५ आणि +१०२ ला सापडला नाही, मग औषध बंद. या तपासणीत एक खोट नेहमी दिसते. एकदा प्लाझ्मावर, एकदा पूर्ण रक्तावर, एकदा या लॅबला, एकदा त्या लॅबला. अशा आकड्यांची आपसात तुलनाच होत नाही. लॅब एकच, नमुना एकाच प्रकारचा.

अकराव्या दिवशी न्यूट्रोफिल ६९० वर उतरले. गॅन्सिक्लोव्हिरचा हा ठरलेला त्रास. अशा वेळी कुणी तरी कोट्रायमोक्झाझोल बंद करा म्हणतं, कारण तेही काउंट उतरवतं. ते घाईनं बंद करू नये. सीडी४ इतक्या कमी असताना न्यूमोसिस्टिस न्यूमोनियापासून तेच वाचवतं, आणि थांबवायचंच झालं तर पर्यायी औषध आधी सुरू व्हायला हवं. इथे जी-सीएसएफ (न्यूट्रोफिल वाढवणारं इंजेक्शन) ५५ मायक्रोग्रॅमचे दोन डोस पुरले. ३०० मायक्रोग्रॅम प्रति मि.ली.च्या कुपीतून हे ०.१८ मि.ली. होतं. १ मि.ली.ची ट्युबरक्युलिन सिरिंजच घ्यायची. इन्सुलिनच्या सिरिंजवर ४० युनिटच्या खुणा असतात, तिथे हमखास घोळ होतो.

एका नळीची गोष्ट

सीडी४ मोजायला +७९ ला २ मि.ली. रक्त काढलं. वार शुक्रवार, वेळ संध्याकाळी पाच. बर्फाच्या जेल-पॅकमध्ये नीट बांधून, अगदी काळजीनं, कुरिअरनं पुण्याला. नळी लॅबमध्ये उघडली सोमवारी दुपारी. रिपोर्ट: सीडी४ २८.

म्हणजे ५० च्या खाली, शंभरावा दिवस जवळ, विषाणू अंगात. फोनाफोनी सुरू झाली. मग कुणीतरी रिपोर्टची तळटीप वाचली: "नमुना ६७ तास जुना, मृत पेशींचं प्रमाण जास्त."

फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशींचे प्रकार मोजणाऱ्या चाचणीच्या) नळीला गारवा मानवत नाही. थंडीत लिम्फोसाइटच्या पृष्ठभागावरच्या खुणा बिघडतात, काही उपजाती इतरांपेक्षा आधी मरतात, आणि उरलेल्यांची टक्केवारी खोटी होते. जांभळ्या बुचाची ईडीटीए नळी, १८ ते २५ अंश, शक्यतो २४ तासांत, फार तर ४८. उन्हाळ्यात कोल्हापूर-पुणे प्रवासात उलटा धोका: गाडीच्या डिकीत ४५ अंश. साध्या थर्माकोलच्या डब्यात, कागदात गुंडाळून, बर्फाशिवाय. नमुना सोमवार ते गुरुवार सकाळीच काढायचा. फॉर्मवर तारखेबरोबर वेळ लिहायची.

मंगळवारी सकाळी पुन्हा रक्त काढलं, रात्रीच्या आत लॅबला पोचलं. या वेळी सीडी४ १०९, आठवड्यानं १३१. दोनदा ५० च्या वर, १०० दिवसांच्या आत. चांगली बातमी. पण हजाराच्या वर असायला हव्यात, तिथे या एकशे तीस.

आणखी एक फसगत. याच रिपोर्टात "सीडी४ २५ टक्के" असंही छापलेलं होतं, आणि टक्केवारीपुढे लाल खूण नव्हती. लिम्फोसाइटच ४४० च्या आसपास, त्यांचे २५ टक्के म्हणजे ११० हे गणित कुणी केलं नाही तर रिपोर्ट नॉर्मल वाटतो. मण्यांच्या साहाय्यानं थेट मोजलेली निरपेक्ष संख्या मागावी. ती सोय नसेल तर त्याच वेळच्या सीबीसीवरून काढावी, तीन दिवसांपूर्वीच्या नव्हे.

खोकल्याचं सिरप आणि सायक्लोस्पोरिन

+११८ ला खोकला. हर्लरच्या मुलांचं नाक वाहतंच, त्यामुळे खरा संसर्ग कुठला आणि नेहमीचा शेंबूड कुठला हे घरच्यांनाही कळत नाही. गावातल्या दवाखान्यातून पाच दिवस क्लॅरिथ्रोमायसिन मिळालं. सायक्लोस्पोरिन हे जीव्हीएचडी होऊ नये म्हणून चालू असलेलं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध. त्याची रक्तातली पातळी १८० वरून ४६० वर, क्रिएटिनिन ०.३ वरून ०.७ वर, हात थरथरायला लागले. ०.७ ला लॅबची लाल खूण नसते, पण या मुलीसाठी ती दुपटीहून जास्त वाढ होती.

क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल ही पातळी चढवतात. रिफाम्पिसिन, फेनिटॉइन पाडतात. ही यादी घरातल्या फ्रिजवर चिकटवलेली असावी आणि गावच्या डॉक्टरांना दाखवावी. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यासमोर खोकणारं मूल होतं आणि कागद नव्हता.

पातळी तपासतानाची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे सकाळी सातला डोस पाजून दहाला रक्त. तेव्हा सर्वोच्चाच्या जवळची पातळी मिळते, डोसच्या आधीची नीचांकी नव्हे, आणि त्यावरून डोस कमी केला तर जीव्हीएचडीला दार उघडतं. डोस सोबत घेऊन यायचं, रक्त दिल्यावर लॅबच्या बाकावरच पाजायचं. रक्त शक्यतो लाइनमधून काढू नये. त्या लुमेनमधून पूर्वी सायक्लोस्पोरिन गेलं असेल तर ते नळीच्या भिंतीला चिकटून राहतं आणि पातळी खोटीच जास्त दाखवतं.

घर, गोठा आणि पंचगंगा

घरी दोन म्हशी, दूध गोकुळला जातं. आजोबांना गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध हे ताकदीचं औषध वाटतं, आणि नातीला एक पेला द्यावा असं त्यांच्या मनात होतं. धारोष्ण कुणाचंच नको, घरच्या म्हशीचंही नाही. घरचंच दूध चांगली उकळी फुटून दोन-तीन मिनिटं खळखळल्यावर चालतं. गोठ्यातली वाळलेली वैरण, शेणकुटं, गुऱ्हाळाजवळचा चिपाडांचा ढीग, या सगळ्यांत अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू असतात. मास्क हा यावर उपाय नाही. इतक्या लहान मुलाच्या तोंडावर एन९५ बसतच नाही. गोठ्याकडचं दार बंद, खाट विरुद्ध बाजूच्या खोलीत, आणि वैरण झाडायची ती मुलगी आत असताना.

आजोबांचा तीन आठवड्यांचा खोकला कुणी मोजला नव्हता. थुंकीची सीबीनॅट चाचणी करून घेतली, निगेटिव्ह आली. अशा घरात मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांवर गेला की टीबीची तपासणी झालीच पाहिजे.

चुलतीचं बाळ दीड महिन्याचं, पोलिओचे थेंब द्यायचे होते. तोंडावाटे दिलेला जिवंत विषाणू बाळाच्या शीमधून आठवडेच्या आठवडे बाहेर पडतो. म्हणून त्या घरात थेंबांऐवजी टोचायची पोलिओ लस. अंगणवाडी ताईंना केंद्राचं पत्र दाखवलं, त्यांनी नोंद केली. थेंब आधीच गेले असतील तर चार ते सहा आठवडे बाळ आणि रुग्ण वेगळे. रोटाव्हायरस लस बाळाला चालते, फक्त लंगोट बदलणाऱ्यानं साबणानं हात धुवावेत आणि ते काम मुलीच्या आईनं करू नये. भावाला गोवर-रुबेला, घरातल्या सगळ्यांना फ्लूची लस: हे उलट करायलाच हवं.

जून लागला तेव्हा चौथा महिना चालू होता. चिखली-आंबेवाडीच्या माणसाला राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगावी लागत नाही: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. या मुलीसाठी नियम वेगळा ठरवला. पातळी ३५ ला गेली आणि पाऊस चालू असला की ३९ ची वाट न पाहता राजारामपुरीत आत्याकडे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन पुण्याचा रस्ता बंद पडला होता, म्हणून सायक्लोस्पोरिन, कोट्रायमोक्झाझोल, असायक्लोव्हिर, बुरशीचं औषध यांचा महिन्याभराचा साठा जूनच्या पहिल्या आठवड्यातच. पाणी उतरल्यावर चिखल काढताना, भिंती घासताना मुलगी घरात नको. भिंती कोरड्या होईपर्यंत, म्हणजे बऱ्याचदा महिनाभर, ती आत्याकडेच.

उसन्या अँटिबॉडी

+९० ला आयजीजी (रक्तातली मुख्य अँटिबॉडी) २९०. ४०० च्या खाली, म्हणून आयव्हीआयजी (दात्यांच्या रक्तातल्या तयार अँटिबॉडी, शिरेतून), किलोमागे ४०० मि.ग्रॅ. म्हणजे ४.४ ग्रॅम. कुपी ५ ग्रॅमची असते. उरलेलं फेकण्यापेक्षा पूर्ण ५ ग्रॅम दिलं. ५ टक्के द्रावण, सुरुवात तासाला ५-६ मि.ली.नं, दर अर्ध्या तासानं वाढवत. दर चार आठवड्यांनी.

आठव्या महिन्यात कुणीतरी हौसेनं गोवराची आयजीजी चाचणी केली, पॉझिटिव्ह आली आणि "गोवराची लस लागणार नाही" असा अर्थ काढला गेला. त्या अँटिबॉडी बाटलीतून आलेल्या, हजारो दात्यांच्या. मुलीचं स्वतःचं उत्पादन कळतं ते आयजीए आणि आयजीएमवरून, कारण आयव्हीआयजीत ती जवळजवळ नसतात. आयजीएम सहाव्या महिन्यात सावरलं, आयजीए सातव्यात दिसू लागलं. आयव्हीआयजीचा शेवटचा डोस आठव्या महिन्यात. अकराव्या महिन्यात आयजीजी ६४०, जवळजवळ सगळं तिचं.

रक्त चढवायची वेळ आली तर दोन गोष्टी. पिशवी २५ ग्रे विकिरण दिलेलीच, नाहीतर पिशवीतल्या लिम्फोसाइटच मुलीवर उलटू शकतात. इरॅडिएटर प्रत्येक रक्तपेढीत नसतो, म्हणून आधी फोन. (प्लाझ्माला विकिरण लागत नाही.) आणि गट. जन्माचा बी पॉझिटिव्ह, दात्याचा ओ पॉझिटिव्ह. लाल पेशी ओ, प्लेटलेट आणि प्लाझ्मा बी किंवा एबी. नातेवाईक हमखास "आमची मुलगी बी" म्हणून बी गटाचे दाते गोळा करतात.

सहाव्या महिन्यापासून लसीपर्यंत

सहाव्या महिन्यात सीडी४ ३४०, बी-पेशी ९१०. त्या सीडी४ मध्ये सीडी४५आरए आणि सीडी३१ दोन्ही असलेल्या, म्हणजे थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या, पेशी दिसू लागल्या. नुसत्या संख्येपेक्षा हे मोलाचं. जुन्याच पेशींनी पिलावळ वाढवून संख्या भरली तर नवे जंतू ओळखणारी विविधता येत नाही. जीव्हीएचडी नव्हता, म्हणून सायक्लोस्पोरिन हळूहळू उतरवत नवव्या महिन्यात बंद.

कोट्रायमोक्झाझोल मात्र चालूच. दिवसाला किलोमागे ५ मि.ग्रॅ. ट्रायमेथोप्रिम (त्यातला एक घटक), ५ मि.ली.त ४० मि.ग्रॅ. असलेल्या सिरपचे साडेतीन मि.ली. सकाळ-संध्याकाळ, आठवड्यातले तीन दिवस. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बंद, सहा महिने उलटलेले आणि सीडी४ २०० च्या वर, या तिन्ही अटी जुळल्या तेव्हाच ते थांबलं: अकराव्या महिन्यात. असायक्लोव्हिर वर्षभर.

आधीच्या सगळ्या लसी पुसल्या गेल्या असं धरूनच चालायचं. सहाव्या महिन्यात न्यूमोकोकल संयुग्म लस, महिन्याच्या अंतरानं तीन, पुढे चौथी. फ्लूची निर्जीव लस. आठव्या महिन्यापासून हेक्साव्हॅलंटचे (सहा आजारांच्या एकत्र लसीचे) तीन डोस. निर्जीव लसींना आयव्हीआयजीचा अडथळा नसतो, फक्त उत्तर मोजायचं ते आयव्हीआयजी थांबून तीनेक महिने गेल्यावर. बीसीजी पुन्हा द्यायची नाही.

एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) जिवंत लस, तिची तारीख मोजून काढावी लागते. प्रत्यारोपणाला २४ महिने. सायक्लोस्पोरिन नवव्या महिन्यात संपलं, त्यावर १२ म्हणजे २१ वा महिना. आयव्हीआयजी आठव्यात संपलं, ४०० मि.ग्रॅ.च्या डोसनंतर ८ महिने म्हणजे १६ वा. जुनाट जीव्हीएचडी नाही. तिन्हींत उशिराची तारीख धरायची, म्हणून २४ वा महिना, फेब्रुवारी. त्या वेळी सीडी४ १,१८०. पहिला डोस दिला, दुसरा किमान चार आठवड्यांनी, कांजिण्यांची लस सोबतच पण दुसऱ्या दंडात.

त्याच आठवड्यात बालवाडीचा फॉर्म भरायचा होता. रक्तगटाच्या रकान्यात वडिलांनी जन्माच्या कागदावरून "बी पॉझिटिव्ह" लिहिलं होतं. ते खोडून "ओ पॉझिटिव्ह" केलं, आणि खाली शेऱ्यात प्रत्यारोपणाची तारीख लिहिली.